ऐंशीवरचा काटा

नकाशा पुन्हा काळा पडला आणि धाकट्याचा आवाज अर्ध्यातच तुटला.

“ताई, पुढच्या वळणावर जरा...”

झालं! तिनं हेडफोन कानावर दाबला. “हॅलो? अरे, वळणावर काय?”

काही नाही. वीस मिनिटांतली ही चौथी वेळ.

प्रयोगशाळेत तिच्यासमोर दोन पडदे होते. गाडीत ड्रायव्हरला जे दिसतं तेच इथं दिसायचं. डावीकडे मीटर, म्हणजे वेगाचा काटा आणि धोक्याचे दिवे. उजवीकडे नकाशा, गाणी, फोन. गाडीत चिप एकच, पण तिच्यावर दोन व्हर्च्युअल मशीन मांडलेली. एका घरात दोन भाडेकरू ठेवावेत तशी. कुणाला किती जागा ते बघणारा घरमालक म्हणजे हायपरवायझर. ही मांडणी तिचीच, आणि इथं बसूनही ती बदलता यायची. मीटरला दोन कोअर, म्हणजे राबणारे दोन हात, आणि नकाशालाही दोनच. मीटर गुणाचा भाडेकरू, कधी हूं नाही की चूं नाही. नकाशा मात्र मेला पहिल्या दिवसापासून नाठाळ.

आणि आज गाडी चालवत होता तिचा सख्खा धाकटा भाऊ. ही नोकरी त्याला तिनंच लावून दिली होती.

चाचणी बॅटरीची होती. दीड तास, ताशी ऐंशी, वेग बदलायचा नाही. बॅटरी तापली तर मीटरवर लाल दिवा लागणार, आणि दिवा लागला की गाडी थांबवून तडक उतरायचं. गेल्या महिन्यात धाकट्यानं नुसता जळका वास आला म्हणून गाडी थांबवली होती. निघालं काय, तर नव्या रंगाचा वास! साहेबांनी चारचौघांत विचारलं होतं, “नाकानं गाडी चालवतोस का रे?” पठ्ठ्या आठवडाभर घुम्यासारखा वावरत होता. तेव्हा तिनंच समजावलं, “वासबीस सोड. दिवा लागेल तेव्हाच थांब.” तो हसून म्हणाला होता, “ठीक आहे बाई. तुझा मीटर तुझ्यासारखाच, उगाच बोलणार नाही.”

चाचणीचं मैदान इथून पंधरा किलोमीटर दूर, टेकडीच्या पलीकडे. मोबाइल फाटकावरच जमा करून घेत. त्याचा आवाज ऐकायचा तर तो या नाठाळ नकाशाच्या फोनवरूनच.

ती उठून साहेबांच्या केबिनमध्ये गेली. “साहेब, चाचणी थांबवू या. त्याचा आवाज येत नाहीये.”

“मीटर चालू आहे ना?”

“आहे.”

“दिवा लागलाय?”

“नाही.”

“मग झालं तर! अहो, गाणी वाजली नाहीत म्हणून आजवर कुणी मेलं नाही. गाडीचं गिऱ्हाईक वर बसलंय. त्यांना काय सांगू, बहीणबाई घाबरल्या?”

तिला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला. तिनं फाटकावर फोन लावला.

“गाडी आत गेली मॅडम,” पहारेकरी म्हणाला. “बाहेर आली नाही अजून.”

“दिसतेय का तुम्हाला?”

“इथून नुसती झाडं दिसतात. आणि जागा सोडली तर माझी नोकरी जाईल.”

म्हणजे सगळीकडून हात बांधलेले. ती पुन्हा पडद्यांसमोर येऊन बसली. काटा ऐंशीवर होता, दिवा नव्हता. उजवीकडे नकाशा उठू बघायचा आणि धपकन पडायचा. त्याला आणखी एक कोअर मिळाला तर तो तग धरेल, हे तिला चांगलं कळत होतं. चालत्या गाडीत मांडणीला हात लावायचा नाही, हा नियमही तिनंच लिहिला होता.

पण ‘वळणावर जरा’ म्हणजे काय? जरा काय? डोक्यात नुसता भुंगा लागला होता.

रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही म्हणतात, आणि मीटर कधी रडलाच नव्हता. त्याचं एका हातावर भागतं, प्रयोगशाळेतल्या टेबलावर तिनं शंभरदा करून पाहिलेलं. तिनं मागं वळून पाहिलं. साहेब फोनवर होते. तिनं मीटरचा एक कोअर काढला, नकाशाला दिला आणि श्वास रोखून डावीकडे पाहिलं.

काटा जागच्या जागी, ऐंशीवर. दिवा नाही. मीटर-मशीन चालू असल्याची हजेरी दर सेकंदाला लागत होती, हिरवीगार. गुणाचं ते बाळ! तिला त्याला हातच जोडावेसे वाटले.

नकाशानं मात्र अंत पाहिला. एकदा उठला, पडला. दुसऱ्यांदा पडद्यावर ‘थांबा’चं चाक नुसतं गरगरत राहिलं. पाच मिनिटं गेली, सात गेली. तिनं नखं कुरतडली, घोटभर पाणी घेतलं, देवाला नाही नाही ते कबूल केलं. जीव अगदी टांगणीला लागला की नजर आपोआप काट्याकडे जायची. काटा ऐंशीवर आहे म्हणजे गाडी धावतेय, गाडी धावतेय म्हणजे तो ठीक आहे. एवढ्यावरच ती तग धरून होती.

दहाव्या मिनिटाला नकाशा उजळला. रस्ते उमटले, फोनची खूण हिरवी झाली.

“हॅलो! येतंय ऐकू?” ती जवळजवळ ओरडलीच. “अरे, जीव घेतलास माझा! पण सगळं मस्त चाललंय हं. इथं दिसतंय मला. ऐंशीला ऐंशी, दिवा नाही की काही नाही.”

पलीकडे नुसता खोकला. थांबेचना.

“कसले ऐंशी, ताई?” धाकट्याचा आवाज घोगरा झाला होता. “गाडी बंद पडून उभी आहे, केव्हाची, आणि काटा तसाच ऐंशीवर चिकटलाय. धुरानं काही दिसत नाहीये आणि दार उघडत नाहीये. दिवा लागला असता, तर मघाशीच उतरलो असतो ना गं.”