तारीख नको

जिल्हा न्यायालयाच्या पायऱ्या चढत असतानाच ॲडव्होकेट योगिनी थविल यांचा फोन वाजला. मतमोजणी केंद्रावरून त्यांची ज्युनियर ज्योत्स्ना जवळजवळ ओरडतच बोलत होती.

"मॅडम, सकाळपासून मागे होतो ना, आता डोंगराकडची गावं लागतायत! फरक झपाझप कमी होतोय. समोरच्यांनी एका मशीनवर हरकत घेतलीय. तुम्ही निघा. खासदारकीचा प्रश्न आहे!"

"माझी निवडणूक प्रतिनिधी तू आहेस," योगिनी म्हणाल्या. "हरकतीला उत्तर तू दे. वकील आहेस ना?"

त्यांनी फोन बंद करून पर्समध्ये टाकला. पोटनिवडणुकीची मतमोजणी आणि चंद्रभागाबाईंचं अपील, दोन्ही नेमकं एकाच दिवशी आलं होतं.

चंद्रभागाबाई कोर्टरूमच्या मागच्या बाकावर अंग चोरून बसल्या होत्या. सुरगाण्याच्या वरच्या अंगाला त्यांची नागली-नाचणीची उतरती जमीन, तिच्यावरच घर. वनहक्काची जमीन, विकता न येणारी. एका बिल्डरने मुलाकडून भागीदारीचा करार करून घेतला आणि तिथे रिसॉर्ट आखलं. खालच्या कोर्टात त्या हरल्या. अपिलापुरती मिळालेली स्थगिती आज संपत होती.

"ताई, तू जा वं तिकडं," त्या कुजबुजल्या. "आमचं काय, होईल पुढच्या टायमाला."

"पुढच्या टायमाला घर राहील का, मावशी?"

पुकारा झाला. बिल्डरचे वकील धनराज अहिरराव मोठ्या अदबीने उठले. "साहेब, आमच्या विद्वान भगिनींची आज मतमोजणी आहे. सगळं नाशिक तिकडे डोळे लावून बसलंय. त्यांना मोकळं करावं. तारीख द्यायला माझी काही हरकत नाही."

कोर्टात हसू पसरलं. न्यायाधीशही प्रसन्न झाले. "मग थविल मॅडम? देऊ तारीख?"

क्षणभर योगिनींना मोह झाला. मतमोजणी केंद्रापर्यंत रिक्षाने पंधरा-वीस मिनिटांचा रस्ता. वडील रावजी द्राक्षबागांत मजुरीला उतरायचे, त्यांच्या मागे चालत त्या पहिल्यांदा नाशकात आल्या होत्या. याच कोर्टात काळा कोट घालून त्यांनी अर्धं आयुष्य काढलं होतं. आणि आज तिकडे कुठल्यातरी टेबलावर पुढचं आयुष्य मोजलं जात होतं.

पण तारीख मिळाली की आजची स्थगिती संपणार, हे अहिररावांना पक्कं ठाऊक होतं.

"तारीख नको, साहेब," त्या म्हणाल्या. "आजच चालवायचं."

अहिररावांचा चेहरा उतरला, पण गडी कसलेला होता. "ही विक्री नाही साहेब, भाडेपट्टा नाही. निव्वळ भागीदारी आहे. भागीदारीला कायद्याने कुठे मनाई केलीय?"

योगिनी बोलायला लागल्या आणि मतमोजणी डोक्यातून निघूनच गेली. कलम वाचलं, करार वाचला, पुन्हा कलम वाचलं. तेवढ्यात बाहेर सीबीएस बसस्थानकाकडून ताशांचा आवाज यायला लागला. तो जवळ येत गेला. बाकांवर चुळबुळ सुरू झाली. दोघे वकील खिडकीकडे धावले. कोणाचा ताशा, कोण जिंकलं, आत कुणालाच कळेना. शिपाई दार लोटून परत परत बाहेर डोकावत होता. योगिनींनी खिडकीकडे पाहिलंही नाही.

"साहेब, माझा एकच प्रश्न आहे. ही जर भागीदारी असेल, तर उद्या सकाळी जेसीबी भागीदाराचंच घर पाडायला का येतोय?"

बाहेर ताशा कडाडत होता.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "मॅडम, अशा पळवाटा आम्हालाही दिसतात. पण कायदे आम्ही बनवत नाही."

"माहीत आहे, साहेब. म्हणूनच अर्ज भरला निवडणुकीचा."

या वेळी न्यायाधीश मोकळेपणाने हसले. मग गंभीर होत त्यांनी लघुलेखकाला आदेश सांगितला. अपील दाखल. पुढच्या तारखेपर्यंत स्थगिती कायम. बांधकाम, पाडकाम, काहीही नाही.

योगिनी दाराबाहेर पडल्या आणि ज्योत्स्ना त्यांच्यावर येऊन आदळलीच. केस विस्कटलेले, वकिलीचा पांढरा बँड कॉलरमधून लोंबणारा, डोळ्यांत पाणी. "मॅडम! शेवटच्या फेरीत! हरकत फेटाळली त्यांची, मी बोलले, मॅडम, मी बोलले तिथे! तुम्ही खासदार झालात!"

आवारात गुलाल उधळला गेला. पेठ, सुरगाण्याहून आलेल्या बाया फेर धरून नाचायला लागल्या. अहिररावांनी गर्दीतून वाट काढत हात पुढे केला. "अभिनंदन, ताई. आज दोन्हीकडे हरलो बघा, मत पण तुमच्या समोरच्यांनाच दिलं होतं." योगिनी पोट धरून हसल्या. कोणीतरी त्यांना उचललं, काळ्या कोटासकट. वरून त्यांना दिसलं, चंद्रभागाबाई माणसांना ढकलत पुढे येत होत्या. गुलालाने तोंड ओळखू येत नव्हतं.

"ताई!" त्या ताशाच्या वरताण ओरडल्या. "आता आपली तारीख कुठं वं? हितं का दिल्लीला?"

"दोन्हीकडं, मावशी!" योगिनी वरूनच ओरडल्या. "दोन्हीकडं!"