तिसरी धाव

“ही काय हमाली लावलीय माझ्या पोरीला?” बापाने जिमच्या दारातूनच विचारलं. मुलगी खांद्यावर लोखंड घेऊन उठाबशा काढत होती.

क्लबच्या नव्या ट्रेनरबाईंनी शांतपणे सांगितलं की सोमवारी वजनं, बुधवारी वीस-वीस मीटरच्या सुसाट धावा आणि शुक्रवारी न थांबता चाळीस मिनिटं पळणं. वजनांनी पायात जोर येतो, छोट्या धावांनी वेग आणि लांब पळण्याने शेवटच्या षटकापर्यंत दम टिकतो. तिन्ही एकत्र हवीतच.

बाप एकेकाळी चांगला फलंदाज होता. मुलीला बॅट धरायला त्यानेच शिकवलं होतं. त्याने नाक मुरडलं. क्रिकेट मनगटाने खेळतात, मांड्यांनी नाही, असं तो सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. त्या दिवसापासून बाईंचं नाव त्याने ‘शिट्टीवाली’ ठेवलं. हिने आयुष्यात कधी बॅट धरली नसेल, दोन पुस्तकं वाचून आलीय, असं तो घरी जेवताना रोज ऐकवायचा. मुलगी जेवण उरकायची आणि पहाटे पळायला जायची. असे पाच महिने गेले.

अंतिम सामन्यात मुलगी पाचव्या षटकात मैदानात उतरली ती शेवटपर्यंत टिकली. शेवटच्या चेंडूवर तीन धावा हव्या होत्या. दोन काढल्या तर बरोबरी. तिने चेंडू मोकळ्या जागेत मारला, पण तो सीमारेषेच्या अलीकडेच अडला. दुसरी धाव पूर्ण होताना क्षेत्ररक्षकाने चेंडू उचललाही होता.

“दोनच! थांब!” बाप कुंपणाला धरून ओरडला.

मुलगी वळली होती. समोरच्या जोडीदारणीनेही पाय उचलला होता. थ्रो गोलंदाजाच्या हातात आला तेव्हा मुलगी क्रीजच्या चांगली दोन पावलं आत उभी होती. तिला साधी उडीही टाकावी लागली नाही.

सगळे मैदानात धावले. बाप कुंपणापाशीच राहिला. तीस वर्षांपूर्वी त्याच्या शेवटच्या सामन्यात त्यानेही असाच फटका मारला होता. जोडीदाराने तिसऱ्या धावेसाठी बोलावलं आणि बाप निम्म्या वाटेतच धावबाद झाला. सगळ्या संघासमोर त्याने जोडीदाराला नाही नाही ते सुनावलं. पुढे संघातली जागा गेली तीही याच्यामुळेच, असं तो सांगत राहिला. तो जोडीदार त्याचा जिवलग मित्र होता. त्यानंतर दोघं कधी बोलले नाहीत.

बापाने कुणाकुणाला विचारून त्या मित्राचा नंबर मिळवला आणि तिथूनच फोन लावला. पलीकडून ओळखीचा आवाज आला.

“तिसरी होती रे,” बाप म्हणाला. “माझ्याच पायात नव्हती.”