बंपरच्या नाकपुड्या

मी माझ्या स्पोर्ट्स कारच्या पुढच्या बंपरला करवतीने भोकं पाडत होतो, तेवढ्यात मुलगी दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, चांगल्या गाडीला या नाकपुड्या कसल्या?"

"यातून वारा आत शिरतो. पाइप लावून तो चाकापर्यंत नेला की ब्रेक तापत नाहीत."

"म्हणजे आता आणखी जोरात पळवणार! आई गेल्यापासून तुम्ही गाडी काढलीत की मी फोन हातात धरून बसते. कळतंय का काही?"

"अगं वेडाबाई, हे पळवायला नाही, थांबवायला आहे."

 ती बाह्या सारून खाली बसली.

"द्या तो पाइप इकडे. तुमचा हात नाही पोचायचा तिथे."

ती पाइप आवळत होती आणि मी टॉर्च धरून उभा होतो. काल उतारावर ब्रेक तापून लागेनासे झाले आणि पुढे चढ आला म्हणून गाडी थांबली, एवढं मी तिला सांगितलं. ब्रेक लागेनात तेव्हा मला भीती वाटली नाही, सुटल्यासारखं वाटलं, हे सांगायला जीभ रेटेना.