भिंतीकडे तोंड

बांबूच्या पट्ट्या सदतीस. त्यांतल्या अखंड एकतीस, मोडून जोडलेल्या सहा. अक्षरं एक हजार एकशे बारा. तेंग सूने दोनदा मोजली, मग एकोणिसाव्या पट्टीच्या टोकाचा तिळाएवढा कण वय तपासायला काढून नळीत टाकला.

प्रत्येक पट्टी वीतभर लांब, बोटाहून अरुंद. पुरात बुडालेल्या दोनशे बारा माणसांची ती यादी होती. नाव, वय, गाव. दोन हजार वर्षांपूर्वी कुणा कारकुनाने शाईने लिहिलेली. त्या माणसांचा जगात दुसरा कुठलाच पुरावा नव्हता.

या यादीवरचं प्राध्यापक कुआंग यांचं पुस्तक तेंग सूने सोळाव्या वर्षी वाचलं होतं. 'लिऊ, वय चार, आईचं नाव कुणालाच सांगता आलं नाही' ही ओळ तिला तेव्हापासून सुटली नव्हती. त्या ओळीमुळेच ती विज्ञान शिकून या संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत आली.

कुआंगांची गोष्ट शहरात सगळ्यांना ठाऊक होती. १९६६ साली, सांस्कृतिक क्रांतीत, जुनं ते सगळं फोडणारा जमाव हातोडे घेऊन संग्रहालयात शिरला तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते, तिथेच नोंदी ठेवायचे. दुसऱ्या दिवशी यादीची काचेची पेटी जागेवर नव्हती. मग त्यांना बांबू तोडायला डोंगरात धाडलं. सहा वर्षांनी ते परतले आणि गोधडीतून सदतीस पट्ट्या काढून त्यांनी टेबलावर मांडल्या. जीव धोक्यात घालून वाचवल्या, असं लोक म्हणाले. कुआंग हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. त्या पट्ट्यांवर त्यांची अकरा पुस्तकं उभी राहिली, दालनात तसबीर लागली. विद्यार्थ्यांना ते एकच नियम सांगत: पुराव्याशिवाय एक शब्द बोलायचा नाही.

तीन आठवड्यांनी निकाल आला. अणुचाचण्यांनी हवेत सोडलेला कार्बन त्या काळात वाढलेल्या प्रत्येक झाडात उतरतो. तो या कणातही होता. बांबू १९६९ सालचा. चूक झालीच तर एका वर्षाची.

तेंग सूने चाचणी पुन्हा केली, दुसऱ्या पट्टीवर. आकडा तोच.

"उद्या संध्याकाळपर्यंत अहवालावर सही हवी," संचालक म्हणाले. "त्याआधी त्यांचं म्हणणं रेकॉर्ड करून आण. नंतर कुणी म्हणायला नको की म्हाताऱ्याला बोलू दिलं नाही."

कुआंगांच्या घराचं दार त्यांच्या पत्नीने, थाओ आजींनी उघडलं. "ये पोरी. म्हातारा आहे घरात. एक्क्याण्णवाव्या वर्षी जाणार कुठे?"

आजींनी आलं-मीठ घातलेला चहा आणला, वर भाजलेले सोयाबीनचे दाणे. "काही विचारायचं असेल तर भिंतीला विचार. हे उत्तर तिलाच देतात. लग्नाला होकारसुद्धा भिंतीकडे तोंड करून दिला होता. मी म्हटलं, मग तिच्याशीच कर."

"गावच्या शाळेतली सवय आहे ती," कुआंग हसले. "मास्तरांकडे पाठ करून धडा म्हणावा लागायचा."

"ऐंशी वर्षं झाली. मास्तर कधीच मेले."

तेंग सूने रेकॉर्डर चालू करून निकालाचा कागद पुढे ठेवला. कुआंगांनी तो सावकाश वाचला.

"तुझं यंत्र चांगलं आहे," ते म्हणाले.

"गुरुजी, बांबू कुणी कापला?"

"मी."

"अक्षरं?"

"मीच लिहिली. शाई काजळीची होती."

आजींनी दाण्यांची वाटी खाली ठेवली.

"आणि ती माणसं?" तेंग सूने विचारलं. "चार वर्षांचा लिऊ?"

कुआंगांनी कागद परत तिच्याकडे सरकवला. "त्याच्याबद्दल माझ्याकडे पुरावा नाही."

"एवढंच सांगायचंय?"

ते खुर्चीचा हात धरून उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. काहीतरी पुटपुटू लागले, डोंगरातल्या जुन्या बोलीत. तिला एक शब्द कळेना. मध्येच एकदा त्यांनी नखाने भिंत खरवडली, दोनदा. तिने मान खाली घातली. तोंड दाखवायची लाज वाटणाऱ्या म्हाताऱ्याकडे बघत बसणं बरं नव्हे.

अकरा मिनिटांनी ते वळले. "चहा निवला तुझा."

तेंग सूने दुसऱ्या दिवशी सही केली. तसबीर उतरली, अकरा पुस्तकं कपाटातून गेली. थाओ आजींनी भाजीबाजार बदलला. लिऊची ओळ तेंग सूने स्वतःच्या वहीतून फाडली.

वसंतात संग्रहालयामागे गटाराचं खोदकाम निघालं आणि फावडं एका बुजवलेल्या विहिरीत घुसलं. नऊ मीटर खाली काळा चिखल होता. त्यात पेटीच्या फुटक्या काचा, एक मोडका हातोडा आणि मूठभर बांबूच्या काड्या. चिखलात हवा नव्हती, म्हणून काहीच कुजलं नव्हतं.

तेंग सू चाळीस दिवस त्या काड्या मऊ कुंचल्याने धूत होती. मग त्या ओळीने मांडून तिने एक कण चाचणीला धाडला. तो निकाल हाती आला त्या दिवशी तिने रेकॉर्डर काढला आणि ती डोंगरातली बोली जाणणाऱ्या संग्रहालयाच्या एका म्हाताऱ्या शिपायाला शेजारी बसवलं. तो ऐकून एकेक अक्षर सांगायचा, ती पट्टीवर बोट ठेवायची. तेविसाव्या पट्टीपाशी नख खरवडल्याचा आवाज आला, दोनदा. कुआंगांच्या पट्टीवर तिथे खरवडल्याची खूण नव्हती, पुस्तकातही उल्लेख नव्हता. चिखलातून आलेल्या पट्टीवर त्या जागी कारकुनाने चुकलेलं अक्षर सुरीने खरवडून पुन्हा लिहिलं होतं. सुरीचे वार दोन.

संध्याकाळी तिने नोंद केली.

पट्ट्या सदतीस. वय दोन हजार एकशे चाळीस वर्षं, तीस कमी किंवा जास्त. अक्षरं एक हजार एकशे बारा. ध्वनिमुद्रणाशी फरक: शून्य.