पडद्यावरची पाच बोटं

दादा दुकानात बसून थर्मल कॅमेऱ्याने टीव्हीचं सर्किट तपासत होता. बिघडलेला भाग तापतो आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर पांढरा चमकतो, त्यामुळे दोष चटकन सापडतो. तेवढ्यात धाकटी बहीण गाल झाकून आत आली.

"जिन्यात पाय घसरला रे."

दादाने तिचा हात बाजूला केला. सावळ्या गालावर नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. त्याने कॅमेरा तिच्याकडे वळवला, तर पडद्यावर पाच बोटं अजून गरम, पांढरी लखलखत होती.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बहीण "अरे, ऐक तरी!" म्हणत मागे धावली, पण तो थेट तिच्या नवऱ्याच्या गोदामावर धडकला. पहिल्या ठोशात नवऱ्याचा ओठ फाटला, दुसऱ्यात दात पडला. तरी दादाने कॉलर धरून त्याचं डोकं भिंतीवर आपटलं.

"माझ्या बहिणीवर हात उचलतोस?"

नवरा रक्त थुंकत हात जोडू लागला. "चुकलो, दादा! परवा रागाच्या भरात मारलं. पुन्हा नाही मारणार!"

"परवा?" दादाची मूठ हवेतच थांबली.

धापा टाकत दारात पोचलेली बहीण म्हणाली,



"आजची थप्पड आईची आहे रे. मी सासरी परत जाणार नाही म्हटलं, म्हणून."