पाटीवरची पाच भोकं

नवरा जाऊन महिना झाला नव्हता, तोच माझ्या पोटच्या पोरानं, ड्वेननं, माझ्या कुरणाच्या फाटकावर 'विकणे आहे' अशी पाटी ठोकली. नवऱ्याचं पंचेचाळीस कॅलिबरचं पिस्तूलही उचलून नेलं.

"आई, तुझ्या बोटांत संधिवात. गोळी भरायला ह्याचा वरचा भाग मागे खेचावा लागतो, ते तुला जमायचं नाही. ऑस्टिनचा वृद्धाश्रम छान आहे."

गोळ्यांचा डबा मात्र इथेच ठेवला. पिस्तुलाशिवाय म्हातारी त्यांचं काय लोणचं घालणार?

रविवारी आला तो फाटकाशीच थबकला. पाटीला पाच भोकं. ड्वेन शेरिफच्या हाताखाली नोकरीला. अर्धा तास गवतात गुडघे टेकून झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या शोधत बसला.

"भोकं पंचेचाळीसचीच आहेत," आत येऊन म्हणाला. "पण पिस्तूल दर गोळीला पुंगळी बाहेर फेकतं, आणि तिथं एकही नाही. चालत्या गाडीतून कुणीतरी टवाळानं झाडल्यात."

"कॉफी घे," मी म्हटलं, आणि एप्रनच्या खिशातून मुठीएवढं नवंकोरं रिव्हॉल्व्हर काढून त्याच्या कपाशेजारी ठेवलं. "ह्याला तुझ्या बाबाच्याच गोळ्या चालतात. काही खेचायला नको, नुसता चाप ओढायचा. आणि पुंगळ्या हे पोटातच ठेवतं, बघ, पाचही आहेत."

ड्वेननं पाचही पुंगळ्या तळहातावर ओतून मोजल्या.

"जा, दुसरी पाटी आण," मी म्हटलं. "डबा अजून अर्धा भरलेला आहे."