लाल बटण

२००७ सालच्या मार्गशीर्षातली सकाळ होती. गावाबाहेरच्या माळावर बाणूबाई मोबाईल कानाला लावून उभी होती आणि मोबाईलमध्ये सनई वाजत होती. मधूनच एक बाई सांगायची, "कृपया प्रतीक्षा करा." पुन्हा सनई. शेजारी उभी असलेली सून रेणू त्या बाईच्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होती, जणू ती बाई समोरच उभी होती.

आदल्या संध्याकाळी पुण्याकडच्या एका बांधकामाचा स्लॅब कोसळला होता. बाणूबाईचा एकुलता एक मुलगा, रेणूचा नवरा नागराज तिथं सळई बांधायच्या कामावर होता. त्याचा फोन बंद लागत होता. टीव्हीवर सरकारनं चौकशीसाठी नंबर दिला. शिवशंकर दुकानदारानं तो उतरवून आणून दिला. "फुकट हाय, अक्का. कितीबी बोला," असंही सांगितलं. पूर्वी त्याचं एसटीडी बूथ होतं. तिथल्या तारेच्या फोनवरून असले नंबर फुकट लागत. घरोघरी मोबाईल आले आणि त्यानं बूथ बंद केलं. मोबाईलवरून त्याच नंबराला पैसे पडतात हे त्यालाही ठाऊक नव्हतं. त्यात गाव कर्नाटकातलं, आणि माळावर रेंज यायची ती हद्दीपलीकडच्या महाराष्ट्रातल्या टॉवरची. म्हणजे रोमिंग. लावला तरी पैसे, उचलला तरी पैसे. सनईचेही पैसे.

सनई संपेना तेव्हा बाणूबाईनं फोन बंद केला. रेणूनं शिल्लक पाहिली. अगदी थोडी उरली होती. नवं रिचार्ज आणायला बाणूबाईचा नवरा धुळाप्पा सकाळीच जीपनं राजेश्वरला गेला होता. त्याची वाट बघत सासू-सुना दगडावर टेकल्या.

तेवढ्यात फोन वाजला.

नागराजच्या नंबरला रेणूनं वेगळी धून लावून ठेवली होती. दर रविवारी ती वाजायची आणि बाणूबाई लाल बटण दाबायची. तिकडं तो खुशाल, इकडं हे खुशाल, आणि कुणालाच पैसा पडायचा नाही. त्या वर्षांत कामाला परमुलखात गेलेल्या पोरांच्या घरी असंच चालायचं. आज वाजली ती धून निराळी होती. नंबरही अनोळखी.

बाणूबाईनं लाल बटण दाबलं.

थोड्या वेळानं पुन्हा तोच नंबर.

"उचला की, आत्याबाई."

"कामून उचलू? कंपनीवाले असतील. रोज गाणं घ्या, गाणं घ्या म्हणायलेत. तुझ्या बापानं पैसे भरलेत व्हय? हितक्याच पैशात नागूची खबर काढायचीय."

पुन्हा लाल बटण. फोन आणखी एकदा वाजला. रेणूनं हात पुढं केला, पण बाणूबाईनं पाठ फिरवली आणि बटण दाबलं. मग फोन वाजला नाही. धुळाप्पाचा पत्ता नव्हता. बाणूबाईला धीर धरवेना. तिनं रेणूकडून तोच सरकारी नंबर पुन्हा लावून घेतला.

या वेळी सनई लगेच थांबली.

"नाव सांगा."

"नागराज धुळाप्पा. आमचा नागू."

"हो, आहेत. दवाखान्यात आहेत, शुद्धीवर आहेत. अहो, आमच्याच माणसानं आत्ता त्यांना घरी फोन लावून दिला होता. तुम्ही सारखा कट का करताय?"

बाणूबाईनं तोंड उघडलं आणि फोन मुका झाला. शिल्लक संपली होती. रोमिंगमध्ये शिल्लक नसली की बाहेरचा फोनही आत येत नाही.

"काय म्हणली?" रेणूनं विचारलं.

"जित्ता हाय," बाणूबाई म्हणाली. बाकीचं सांगितलं नाही.

धुळाप्पा आला तशी तिघंही उमरग्याकडून सोलापूरची एसटी धरून निघाली. ती पुण्याच्या दवाखान्यात पोचली तेव्हा नागराजची खाट रिकामी होती. शेजारच्या खाटेवर गावचाच अनिलकुमार होता, हात प्लास्टरमध्ये.

"लई शांत गेला, काकी," तो म्हणाला. "तुम्ही कट केला तसा हसला. म्हणला, आईनं कट केला, म्हंजे घरी समदे खुशाल. पोचलं तिला." मग रेणूकडं बघून म्हणाला, "तरीबी पुन्हा लावा म्हणला. आज पैसे सरकारचे हायत, एखाद्या टायमाला रेणू उचलल, तिच्याशी दोन शब्द बोलतो म्हणला."

रेणूनं सासूकडं पाहिलं. बाणूबाईनं मान खाली घातली नाही, वरही केली नाही. त्या माळावरच्या सकाळीबद्दल रेणूनं तिला पुढं कधी एक शब्द विचारला नाही.

अनिलकुमार पुन्हा बांधकामावर गेला नाही. भालकीच्या साखर कारखान्यात हंगामी कामाला लागला. शिवशंकरनं हट्टानं दुकानात तारेचा फोन परत घेतला. त्यावर धूळ बसली. धुळाप्पानं मेंढरं विकली. मेंढरांमागून तोही फार टिकला नाही. विधवा रेणूचा पाट बाणूबाईनंच पुढं होऊन आळंदच्या एका घरात लावून दिला, आणि तिला सासरी धाडताना आईसारखी रडली.

आता दर रविवारी रेणूचा फोन येतो. बाणूबाई पहिल्याच रिंगला उचलते. "हं," म्हणते. तिकडून रेणू "हं" म्हणते. मग दोघी एकमेकींचा श्वास ऐकत राहतात. पैसे जात असतात, आणि दोघींपैकी कुणीच आधी लाल बटण दाबत नाही.